जाताना सांगून जावं

शिधये काका रोज दुपारी अडीच वाजता यॉर्कला जात. जेवण झालं, ताट स्वतः घासून पालथं घातलं, दोन लवंगा तोंडात टाकल्या, की व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायचा आणि चष्मा बदलायचा. त्यानंतर चार वाजेपर्यंत ते भोपाळमध्ये नसत. त्या वेळात कोणी फाटक वाजवलं तर मान न वळवता हात वर करून म्हणत, "नंतर या. आत्ता मी बाहेर आहे."

आमचं आणि त्यांचं घर समोरासमोर. साकेत नगरातली ही आमची गल्ली मोठ्या रुग्णालयाच्या मागे आहे. अधूनमधून रुग्णवाहिकेचा भोंगा येतो, तो सोडला तर दिवसभर कोकिळा आणि कुकरच्या शिट्ट्या. मी मूळचा पुण्याचा. सरकारी कंपनीत इंजिनिअर, बदलीवर इथे आलो. शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि त्याचा करून घ्यायचा नाही, एवढ्या एका तत्त्वावर आमच्या तीन पिढ्या सुखाने जगल्या. त्यामुळे भोपाळला आल्याच्या पहिल्याच सकाळी मंकी कॅप घातलेला एक उंच, काटकुळा म्हातारा फाटकाशी उभा राहून "काय साहेब, कुठे निघाली स्वारी?" असं विचारू लागला, तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मी "जरा बाहेर" म्हणालो. ते म्हणाले, "बाहेर म्हणजे किती बाहेर?"

महिनाभराने चार दिवसांची सुट्टी जोडून आली. आम्ही कुलूप लावलं आणि पुण्याला गेलो. कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. परत आलो तर आमच्या फाटकासमोर खुर्ची टाकून काका बसलेले. मांडीवर आमची चार दिवसांची वर्तमानपत्रं, नीट घडी करून ठेवलेली.

"कुठे गेला होता?"

"पुण्याला."

"ते मला परवा कळलं, तुमच्या ऑफिसच्या दरबानाकडून. बस पकडून गेलो होतो नं मी तिथे. त्याच्या आधी हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. अपघातवाल्या वॉर्डात विचारलं, बर्वे नावाचं कोणी आलं आहे का. एक बर्वे होते. पण ते नव्वद वर्षांचे निघाले."

मी काहीतरी दिलगिरीचं बोलायला लागलो, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "एकटेच होते बिचारे. मुलगा औषधं आणायला गेलेला. मग बसलो त्यांच्यापाशी तो येईपर्यंत." एवढं सांगून त्यांनी वर्तमानपत्रं माझ्या हातात ठेवली. "बर्वेसाहेब, जायला कोणाची मनाई नाही. खुशाल चंद्रावर जा. पण जाताना सांगून जावं माणसाने. मागे राहणाऱ्याची खामखा धावपळ होते."

हा त्यांच्या गल्लीचा रिवाज होता. त्यांच्या म्हणजे मूळच्या, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या. तिथे म्हणे बाजारात जाणारा माणूससुद्धा समोरच्या ओट्यावर "येतो हं जरा" असं सांगून जायचा. काकांनी तो रिवाज नोकरीबरोबर भोपाळला आणला आणि साकेत नगरात लागू केला. गावाला जाणाऱ्याने त्यांच्या फाटकाशी थांबायचं, कुठे चाललो आणि कधी येणार ते सांगायचं, आणि शेवटी "लक्ष ठेवा" म्हणायचं. मग काका तुमचं घर बघत. संध्याकाळी व्हरांड्याचा दिवा लावत, कुंड्यांना पाणी घालत. ठरल्या दिवशी आला नाहीत तर फोन करत. न सांगता गेलात तर मात्र त्यांच्या हिशोबी दोनच शक्यता उरत. एक तर तुम्ही घरात पडला आहात, नाही तर रस्त्यात. तिसरी त्यांना सुचतच नसे.

आम्ही पुणेकर असलो तरी माणसंच आहोत. पुढल्या खेपेस बॅगा घेऊन त्यांच्या फाटकाशी थांबलो. "गुरुवारी येतो, लक्ष ठेवा," असं म्हणताना मला उगाचच हलकं वाटलं, आणि ते वाटल्याचा थोडा रागही आला.

काका टी. टी. नगरच्या एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. जन्मभर दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनींचे नकाशे काढले. निवृत्त होऊन चौदा-पंधरा वर्षं झाली तरी कानावर पेन्सिल असे, आणि ती पेन्सिल ब्लेडने अशी तासलेली की टोक बघून आपल्यालाच टोचल्यासारखं व्हावं. पत्ता सांगायला ते तोंड वापरत नसत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढून देत, खाली प्रमाण आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. माझ्या बायकोला, वंदनाला, त्यांनी भाजी बाजाराचा नकाशा काढून दिला होता, त्यात चांगल्या मेथीवालीच्या जागी लाल फुली होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा मंदार इंग्लंडात यॉर्कला असतो. तो आणि सूनबाई दोघंही नोकरीला. काकू गेल्या त्या वर्षी मंदार येऊन वडिलांना घेऊन गेला. सहा महिने राहायचं ठरलं होतं. अठराव्या दिवशी काका परत आले.

"काय झालं काका? थंडी सोसली नाही का?"

"थंडीचं काय, ग्वाल्हेरचा आहे मी." त्यांनी माझ्यापुढे जीरावन मसाला भुरभुरलेले पोहे सरकवले. "गाव सुंदर आहे हो. जुनं. भोवती तटबंदी, तटबंदीला दरवाजे, आपल्या जुन्या भोपाळला होते नं, तसेच. लाल विटांची घरं, एकाला एक चिकटलेली. इतकी चिकटलेली की मला वाटलं, इथे तर काय, भिंतीतून वाटी देतील. पण अठरा दिवसांत मला एका माणसाने विचारलं नाही, कुठे निघालात म्हणून. सगळे हसतात. गुड मॉर्निंग म्हणतात. पुढे काही नाही. आता मला सांगा, मी तिथे मेलो तर कळणार कोणाला? संध्याकाळी मंदार येईल तेव्हा. तोपर्यंत मी काय, नुसताच?"

मी पोहे खाल्ले.

पुढल्या हिवाळ्यात मंदारने त्या घराच्या दाराला कॅमेऱ्याची घंटा बसवली, सामान पोचवणारे येतात त्यांच्यासाठी. दारासमोर काही हललं की फोनवर दिसतं आणि इथून बोललं तर तिथे ऐकू जातं. मंदारने सहज म्हणून ती सोय वडिलांच्या फोनवरही करून दिली, घर तरी दिसेल म्हणून. ते पोरगं हुशार आहे, पण आपल्या बापाला ओळखायला थोडं चुकलं.

आठवड्याभरात काकांनी कॅलेंडर उलटं करून त्या गल्लीचा नकाशा काढला. कॅमेऱ्यातून दिसणारी समोरची नऊ घरं, प्रत्येकाचं फाटक, एक चेरीचं झाड, दोन कचऱ्याचे डबे. माणसांची नावं माहीत नव्हती, ती त्यांनी आपल्या मनाने ठेवली. रोज दोन कुत्री फिरवणारे ते कुत्रेवाले पटवर्धन. सायकलवरून भुर्रकन जाणारी मुलगी ती नलू, कारण काकांची आतेबहीण नलू अशीच कुठेही न थांबता जायची. आणि समोरच्या चौदा नंबरातून रोज सकाळी नऊला चाकांची पिशवी ओढत दुकानात जाणाऱ्या म्हाताऱ्या बाई, त्या इनामदारबाई. "चाल बघा त्यांची," काका म्हणाले, "पूर्ण गल्ली इनामात मिळाली आहे जशी!" तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. काका अडीचला का बसत, ते आता कळलं असेल.

पोस्टमन ग्रॅहम हा एकच माणूस त्यांच्या खऱ्या ओळखीचा. पहिल्यांदा घंटेतून आवाज आला, "गुड मॉर्निंग पोस्टमन भाई! व्हेअर गोइंग?" तेव्हा तो दचकून पायरीवरून खाली उतरला होता. पण माणूस गमतीचा निघाला. पुढे पुढे तो स्वतःच घंटेपाशी वाकून "गुड आफ्टरनून इंडिया" म्हणायला लागला. काका त्याला भोपाळचं तापमान सांगत.

मार्चच्या शेवटी एकदा इनामदारबाई तासभर आधीच निघून गेल्या. काका जेवणावरून उठले आणि उष्ट्या हाताने आमच्याकडे आले. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासाने पुढे करतात हे मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. "वेळ अशी सरकवतात? मग माणसांनी जेवायचं केव्हा?" पण दुसऱ्या दिवसापासून ते एकऐवजी बारालाच जेवायला लागले. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे आली तेव्हा कुठे त्यांचं जेवण पुन्हा जागेवर आलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. वंदना मात्र एकदा म्हणाली, "हसू नकोस. काकू गेल्यापासून त्यांना दुपार म्हणजे खायला उठायची. आता बघ, दुपारची वाट बघतात." खरं होतं. शिवाय मंदार घरात शिरताना रोज दिसायचा. इथे रात्रीचे अकरा वाजलेले असायचे, काका फोनकडे बघून नुसतं म्हणायचे, "आला."

मग नोव्हेंबरात ते घडलं. मला ताप होता म्हणून मी घरी होतो. काकांनी फाटकातून हाक मारली. "बर्वे, जरा इकडे या. इनामदारबाई काल दिसल्या नाहीत. आज पण नाहीत."

मी शाल गुंडाळून गेलो. फोनवर रिकामी ओली गल्ली, चौदा नंबरचं बंद निळं दार.

"गावाला गेल्या असतील, काका."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "न सांगता?"

या बाबतीत माझा स्वतःचा इतिहास फारसा उजळ नव्हता.

मंदारचा फोन लागेना, तो मीटिंगमध्ये असणार. सूनबाईंचाही लागेना. तेवढ्यात ग्रॅहम आला. काका जवळजवळ ओरडले, "पोस्टमन भाई! ओल्ड लेडी, नंबर फोर्टीन! टू डेज नॉट सीन!" ग्रॅहमने मागे वळून पाहिलं, पलीकडे गेला, घंटा वाजवली, खाली बसून दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून डोकावला. परत येऊन म्हणाला की आत पत्रं पडली आहेत, कोणी ओ देत नाही. त्या कुठे बाहेर तर गेल्या नसतील?

"शी हॅज टोल्ड नोबडी," काका म्हणाले. "सो शी इज इनसाइड."

साकेत नगराच्या कायद्याने हे अगदी बिनतोड होतं. ग्रॅहमने शेजारी दोन दारं वाजवून पाहिली, कोणाला काही ठाऊक नव्हतं. मग त्याने पोलिसांना फोन केला. पोलीस आले, त्यांनीही बराच वेळ दार ठोठावलं, आणि शेवटी दाराची काच फोडून आत हात घातला. तो आवाज इथे व्हरांड्यात ऐकू आला. काका फोनसमोर हात जोडून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

थोड्या वेळाने पोलीस बाहेर आला आणि मान हलवून ग्रॅहमशी काही बोलला. ग्रॅहम घंटेपाशी आला. आत कोणी नाही. अंथरूण नीट घातलेलं आहे, किटली धुऊन ठेवली आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं आहे की त्या बहिणीकडे गेल्या आहेत.

"नाहीत आत!" काका माझा दंड धरून म्हणाले. "बर्वे, ठीक आहेत त्या! बिल्कुल ठीक आहेत!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण काय करून बसलो हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी घरात जाऊन देवापुढे साखर ठेवली आणि मलाही दिली.

दिवेलागणीला मंदारचा फोन आला. मी तिथेच होतो.

"बाबा, अहो काय केलंत हे? दार फोडलं लोकांनी त्यांचं!"

"अरे पण त्या सांगून नाही गेल्या."

"कोणाला सांगतील? इथे कोणी कोणाला सांगत नाही!"

"मग कळतं कसं?"

मग मंदार थकलेल्या आवाजात म्हणाला, "कळायची गरज नसते, बाबा. लोक मला विचारायला लागलेत, तुझे वडील तिकडून आमच्यावर पहारा ठेवतात का. मला इथे राहायचं आहे. उद्यापासून तो कॅमेरा तुमच्या फोनवर नको."

मंदारचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. माझ्या पुण्यातल्या सोसायटीवर कोणी यॉर्कमधून नजर ठेवली असती तर मीच पहिला तक्रार अर्ज लिहिला असता. तरीही त्या वेळी मला त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी अडीचला काका नेहमीप्रमाणे बसले. तांब्याला टेकवलेला फोन काळा होता. तिसऱ्या दिवशीही बसले. चौथ्या दिवशी नकाशाची गुंडाळी कपाटावर गेली आणि खुर्ची आत. एवढ्यावर थांबलं असतं तर आम्ही म्हटलं असतं, होईल सवय. पण पुढल्या आठवड्यात वंदना भावाकडे इंदूरला निघाली, रिवाजाप्रमाणे काकांच्या फाटकाशी थांबली, म्हणाली, "इंदूरला जाते काका, लक्ष ठेवा." काका म्हणाले, "बरं." नुसतं बरं! कधी येणार, कोणत्या बसने, काही नाही. वंदना माघारी घरात आली आणि चपलांसकट बसली. म्हणाली, "मी नाही जात. काकांनी विचारलं नाही मला."

मला भीती वाटली, हे सरळच सांगतो. हा माणूस विचारायचा थांबला तर तो राहायचाच थांबेल, असं वाटलं. दुसऱ्याच्या घरात लक्ष घालायचं नाही हे आमचं तीन पिढ्यांचं तत्त्व त्या दिवशी मी मोडलं. मंदारला फोन लावला. उपदेश करण्याइतका माझा अधिकार नव्हता, म्हणून नुसती माझी गोष्ट सांगितली. आम्ही न सांगता पुण्याला गेलो, तुझे वडील बस पकडून माझ्या ऑफिसात गेले, अपघाताच्या वॉर्डात शोधत हिंडले, आणि तिथे सापडलेल्या भलत्याच बर्व्यांपाशी मुलगा येईपर्यंत बसून राहिले.

"बाबा त्या बर्व्यांपाशी बसले?" मंदारने विचारलं.

"हो."

तो हसला. मग म्हणाला, "त्या बाई काल परत आल्यात. मी दोनदा जाऊन माफी मागितली, पण दारातूनच परत पाठवलं त्यांनी. तिसऱ्यांदा जातो आणि हे सांगून बघतो."

चार दिवसांनी मंदारचा व्हिडिओ आला, माझ्या फोनवर, बाबांना दाखवा म्हणून. मी आणि वंदना तो घेऊन समोर गेलो. अडीच वाजून गेले होते. काका आत पलंगावर पडून होते, आम्ही त्यांना उठवून व्हरांड्यात आणलं.

इनामदारबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. चेहरा जवळून आम्ही प्रथमच बघत होतो. त्यांचं नाव आयरीन. त्या इंग्रजीत जे बोलल्या ते मराठीत साधारण असं होतं: "मिस्टर शिधये, तुम्ही माझं दार फोडायला लावलंत. ते दार माझ्या नवऱ्याने रंगवलं होतं, म्हणून मला फार राग आला. अजूनही थोडा आहे. पण मी इतके दिवस नव्हते आणि माझ्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं. तुमचा मुलगा म्हणतो की तुमच्याकडे जाताना सांगून जातात. तर, येत्या मंगळवारी मी पुन्हा बहिणीकडे चालले आहे. शुक्रवारी परत येईन. कोणाला तरी सांगावं म्हणून सांगते आहे."

व्हिडिओ संपला. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला, परत काढला. वंदनाने डोळ्याला पदर लावला. मीही कुठेतरी दुसरीकडे बघू लागलो.

"शुक्रवारी," काका म्हणाले. "पण किती वाजता, ते नाही सांगितलं."

मंदारने शेजाऱ्यांना विचारून कॅमेरा जरा वळवून लावला आणि बाबांच्या फोनवर पुन्हा जोडून दिला. आता आपलं फाटक आणि समोरचं निळं दार एवढंच दिसे. पटवर्धन आणि नलू गेले, त्याचं काकांनी फार मनावर घेतलं नाही. आयरीनबाई मात्र दुकानात जाताना रस्ता ओलांडून घंटेपाशी येऊ लागल्या. "दुकानात जाते." परत येताना, "आले." कधी पावसाची तक्रार, कधी बटाट्यांची. काका त्यांना इकडचं सांगत. एकदा मी ऐकलं, ते माझ्याबद्दल बोलत होते. "माय नेबर बर्वे. गुड मॅन. बिफोर, नॉट टेलिंग. नाऊ टेलिंग."

फेब्रुवारीत त्यांनी एका सकाळी फाटकाशी मला थांबवलं. "बर्वेसाहेब, मी मंदारकडे जाऊन राहिलो आहे. सहा महिन्यांसाठी. व्हिसा तेवढाच मिळतो."

"आता करमेल तिथे?"

"बघू. मागच्या वेळी मी वाट बघत बसलो, कोणी विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही. अरे पण मी तरी कोणाला सांगितलं का, मी कुठे चाललो ते?" ते कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक बघत होते. "एक बाई सांगून जातात आता. एकाने सुरू केलं की मोहल्ला होतो. वेळ लागतो, पण होतो."

मग त्यांनी मला किल्ल्या दिल्या, तुळशीचं पाणी समजावलं आणि एक नकाशा दिला, आमच्या साकेत नगरातल्या गल्लीचा. प्रत्येक घरापुढे कोण केव्हा गावाला जातं ते बारीक अक्षरात लिहिलेलं. माझ्या घरापुढे लिहिलं होतं: दिवाळी, मे. सांगून जातात.

दिल्लीची गाडी दुपारची होती. स्टेशनाचं नाव बदलून कैक दिवस झाले, तरी रिक्षावाल्याला काका "हबीबगंज" असंच म्हणाले आणि त्यानेही तिथेच नेलं. गल्लीतली सगळी फाटकं उघडी होती. काका प्रत्येक फाटकाशी थांबले. "यॉर्कला जातो, ऑगस्टात येतो, लक्ष ठेवा." रिक्षावाला तीनदा हॉर्न वाजवून दमला. मी घड्याळ बघितलं, दोन वाजायला आले होते. इतके दिवस अडीचला खुर्चीतून जात होते, आज सामान घेऊन निघाले.

त्यांच्यामागे गल्लीचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी रुग्णालयात नोकरी करणारं एक नवीन जोडपं बॅगा घेऊन निघालेलं दिसलं. मी फाटकाशी जाऊन, सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "काय, कुठे निघालात?" त्या मुलीच्या कपाळाला तशाच आठ्या पडल्या. "अंकल, बस, बाहेर," ती म्हणाली. मी म्हणालो, "बाहेर म्हणजे किती बाहेर?" वंदना आमच्या खिडकीत उभी राहून तोंडावर हात दाबून हसत होती.

मंदारने त्या घंटेची सोय आता माझ्या फोनवर करून दिली आहे. बाबांचा हट्ट, म्हणाला. मी काही ती रोज उघडत नाही. पण परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन टुणकन वाजला. बघितलं तर पूर्ण पडदाभर एक नाक, चष्मा आणि मंकी कॅप. घंटेशी बोलायचं म्हणजे तिच्या कानात बोलायचं, अशी काकांची समजूत आहे.

"बर्वे! आहात का?"

मी खुर्ची मागे सरकवली आणि हळूच म्हणालो, "आहे, काका."

ते दोन पावलं मागे झाले, तेव्हा बाकीचं दिसलं. मंदारचाच असावा असा लांबलचक ओव्हरकोट, हातात बॅग. मागे मंदार आणि सूनबाई गाडीत सामान ठेवत होते आणि निळ्या दारातून आयरीनबाई चाकांची पिशवी ओढत रस्ता ओलांडत होत्या. चेरीच्या झाडाची एक फुललेली फांदी कोपऱ्यात दिसत होती.

"आम्ही चौघं समुद्राकडे जातो आहोत. यांच्या बहिणीकडे. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत येऊ. पटवर्धनांना सांगितलं आहे, त्यांचं खरं नाव कीथ आहे. ते पण बघतील. पण तुम्ही लक्ष ठेवा."

"ठेवतो काका. सावकाश या."

आयरीनबाईंनी घंटेकडे बघून हात हलवला. गाडी निघून गेली. समोर बंद निळं दार आणि रिकामी गल्ली राहिली. आमचे साहेब माझ्याकडे बघत होते, सगळी मीटिंग माझ्याकडे बघत होती. मी फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवून उभा केला.